वार्धक्य, एच.आय.व्ही. आणि माणसाची तग

एच.आय.व्ही. म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तरुण माणूस उभा राहतो. भिंतींवरील फलक, आकाशवाणीवरील सूचना, महाविद्यालयांत होणारी व्याख्याने या सर्वांचा रोख तरुणांकडे असतो, आणि त्यात गैर काही नाही. तथापि या रोगाचा भारतातील इतिहास आता सुमारे चाळीस वर्षांचा झाला आहे. १९८६ साली मद्रासमध्ये डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या काही स्त्रियांच्या रक्तनमुन्यांत हा विषाणू प्रथम दाखवून दिला. (सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासेत स्थायिक झालेल्या मराठी व्यापारी घराण्यातल्या. पुढे त्यांनी आपल्या वडिलांच्या नावानेच या रोगाच्या उपचारासाठी केंद्र काढले. आपल्याकडे ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते.) त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांत ज्यांना तिशीत लागण झाली आणि जे जगले, ते आज साठीच्या आसपास आहेत. त्यांचे केस पिकले, गुडघे धरले, नातवंडे झाली. वैद्यकशास्त्र या रोगापुरती पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला वयस्कांत जमा करते; त्या हिशेबाने आज देशातील जवळजवळ पंचवीस लाख आणि एकट्या महाराष्ट्रातील सुमारे चार लाख एच.आय.व्ही.बाधितांपैकी फार मोठा वर्ग वार्धक्याकडे वाटचाल करीत आहे.

ही माणसे टिकली कशी, हा प्रस्तुत लेखाचा विषय.

मानसशास्त्रज्ञ यासाठी रेझिलियन्स हा शब्द वापरतात. पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक चटकन 'स्थितिस्थापकता' असे भाषांतर सुचवतील. ताणलेली स्प्रिंग सोडली की मूळ जागी येते, तसे. पण माणसाच्या बाबतीत हा शब्द फसवा आहे. नवरा गेला, सासरने घराबाहेर काढले, नोकरी सुटली, गाल बसले. यानंतर कोणी मूळ जागी येत नाही. तो निराळ्या जागी, निराळ्या आकारात उभा राहतो. म्हणून आपला 'तग' हा साधा शब्दच मला अधिक बरा वाटतो. दुष्काळात झाड तग धरते तेव्हा आपण झाडाचे कौतुक करतो, पण मुळाशी थोडी ओल होती म्हणूनच ते टिकले हेही शेतकऱ्याला ठाऊक असते. एच.आय.व्ही.सह म्हातारपण गाठणाऱ्यांविषयी लिहिताना बहुतेक लेखक झाडाकडे पाहतात. ही ओल कोठून आली, हे पाहण्याचा येथे विचार आहे.

प्रारंभीच्या काळात ओल जवळपास नव्हतीच. गोव्यातील डॉमिनिक डिसोझा या तरुणाची हकीकत सर्वश्रुत व्हायला हवी होती, ती झाली नाही. रक्तदान केल्यानंतर त्याच्या रक्तात विषाणू आढळला आणि १९८९ च्या फेब्रुवारीत त्याला पकडून क्षयरोग्यांच्या जुन्या इस्पितळात चौसष्ट दिवस एकटे डांबून ठेवण्यात आले. त्याचा गुन्हा काय, तर रक्त. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूदच होती. आईने न्यायालयात दाद मागितली. डॉमिनिक सुटला, तरतूद मात्र न्यायालयाने वैध ठरवली. १९९२ साली त्याने 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था स्थापन केली आणि त्याच वर्षी तो वारला. चिवटपणात तो कोणाला हार जाणारा नव्हता; पण औषधच नव्हते, तेथे चिवटपणा काय करणार?

पाश्चात्त्य देशांत १९९६ च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली आणि तिकडचे मृत्यू झपाट्याने घटले. किंमत वर्षाला दहा ते पंधरा हजार डॉलर. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीचे युसुफ हमीद यांनी हीच औषधे वर्षाला साडेतीनशे डॉलरला, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी दराने, देऊ केली आणि जगाचे डोळे उघडले. तरीही शेतमजुराच्या किंवा विडी वळणाऱ्या बाईच्या घरात दिवसाचा डॉलर कोठून यायचा? त्या काळात औषधाची वाट पुष्कळदा सराफाच्या पेढीवरून जाई. बेळगावात शहापूरची सराफ गल्ली असो, पुण्याचा लक्ष्मी रस्ता असो की ग्वाल्हेरचा सराफा बाजार, स्त्रीधन मोडून आजारपण निभावण्याची रीत आपल्याकडे सर्वत्र एकच. आधी पाटल्या, मग मोहनमाळ, शेवटी मंगळसूत्रातल्या वाट्या. पण न्यूमोनिया किंवा बाळंतपण एकदा निभावले की निभावते. हे औषध जन्मभर घ्यायचे असते, आणि मध्येच सोडले तर विषाणू त्या औषधाला दाद देईनासा होतो. दागिने संपत, औषध थांबे, आणि पुढचा मार्गही बंद होई.

१ एप्रिल २००४ हा दिवस म्हणूनच मोलाचा. त्या दिवसापासून सरकारने आठ रुग्णालयांतून ही औषधे मोफत देण्यास सुरुवात केली; मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्यांपैकी एक. सुरुवातीला रक्तातील सी.डी.-४ पेशी दोनशेच्या खाली घसरलेल्यांनाच उपचार मिळत, म्हणजे घर निम्मे जळाल्यावर बंब यायचा. ही मर्यादा हळूहळू वर नेण्यात आली आणि २०१७ पासून निदान झालेल्या प्रत्येकाला लगेच औषध देण्याचे धोरण आले. आज सोळा लाखांहून अधिक लोक ही औषधे घेत आहेत. सध्याच्या वृद्धांच्या आयुष्याची रेषा नीट पाहिली तर बहुतेकांच्या बाबतीत एक गोष्ट समान दिसेल. ते २००४ पर्यंत, किंवा जवळचे केंद्र सुरू होईपर्यंत, कसेबसे जिवंत राहिले. ज्यांचा आजार दोन वर्षे आधी बळावला त्यांचा स्वभाव कमी खंबीर होता असे म्हणणे क्रूरपणाचे होईल.

औषध मिळाले म्हणजे सुख लाभले असेही नव्हे. पहिल्या वर्षांतील मिश्रणात स्टॅव्ह्युडिन नावाचे औषध असे. त्याने तळपायांची आग होई, आणि चेहऱ्यावरची चरबी विरघळून गाल आत जात. आजार आटोक्यात येई पण चेहरा चहाडी करी. गावात ज्याला कळायचे नव्हते त्यालाही कळे. गेल्या दशकाच्या प्रारंभी हे औषध मागे घेण्यात आले. आता बहुतेकांना टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर या तिघांची मिळून एकच गोळी दिवसातून एकदा घ्यावी लागते. ती नियमित घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू मोजता येण्याइतकाही उरत नाही, आणि अशा व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून दुसऱ्यास लागण होत नाही. या सिद्धान्ताला बळकटी देणारा मोठा प्रयोग नऊ देशांतील १७६३ जोडप्यांवर झाला. त्याच्या केंद्रांत आपले पुणेही होते. २०११ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार लवकर उपचार घेणाऱ्यांकडून जोडीदाराला होणारी लागण शेकडा ९६ ने घटली. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी एवढी एक गोष्ट जरी घरी जाऊन सांगितली तरी पुष्कळ काम होईल, कारण 'आजीच्या ताटात जेवू नको' असे नातवाला बजावणारी घरे आजही आहेत. वस्तुतः ताटातून हा रोग कधीच पसरत नव्हता.

आता शरीराकडे वळू. विषाणू औषधाने दबला तरी शरीरातील संरक्षणयंत्रणा पूर्णपणे शांत होत नाही. बारीक धग चालू राहते. त्या धगीने रक्तवाहिन्या लवकर कठीण होतात, आणि हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार, हाडांची ठिसूळता हे पाहुणे वेळेआधी दारात येतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत ४० ते ७५ वयाच्या ७७६९ बाधितांना कोलेस्टेरॉल उतरवणारे एक औषध देऊन पाहिले, तेव्हा हृदयविकाराचे मोठे झटके व तत्सम घटना सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. म्हणजे या वृद्धांचा शत्रू आता पुष्कळदा मूळ विषाणू नसतो; तुमच्या-आमच्या वडिलांना जो मधुमेह आणि रक्तदाब असतो तोच त्यांनाही गाठतो, फक्त थोडा आधी.

यातून गोळ्यांची गर्दी होते, आणि गर्दीत धक्काबुक्की. दोन उदाहरणे देतो. डोल्युटेग्राव्हिरबरोबर मधुमेहाचे मेटफॉर्मिन घेतले की मेटफॉर्मिनचे रक्तातील प्रमाण वाढते, म्हणून त्याची मात्रा बेताने ठरवावी लागते. आम्लपित्तावरील ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमयुक्त औषधे तर डोल्युटेग्राव्हिर शरीरात शोषूच देत नाहीत. त्यामुळे ती घ्यायची झाल्यास एच.आय.व्ही.ची गोळी दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी लागते. हे सांगायला डॉक्टरला सगळ्या गोळ्या ठाऊक असल्या पाहिजेत. येथेच गोची होते. बदनामीच्या भीतीने म्हातारा माणूस मधुमेहाच्या डॉक्टरपासून एच.आय.व्ही. लपवतो, आणि सरकारी केंद्रात गुडघ्याच्या वैदूचे चूर्ण लपवतो. दोन डॉक्टर, दोन अर्धसत्ये, आणि मध्ये एक शरीर.

उलट बाजूचाही विचार व्हावा. पासष्ट वर्षांच्या माणसाचे वजन उतरले, खोकला जाईना, विसराळूपणा वाढला, तर 'वय झाले' म्हणून घरचे सोडून देतात आणि एच.आय.व्ही.ची तपासणी डॉक्टरांच्याही मनात येत नाही. पांढऱ्या केसांखाली कामजीवन नसतेच अशी आपली भाबडी समजूत आहे. परिणामी निदान उशिरा होते, आणि उतारवयात सी.डी.-४ पेशी भरून यायला आधीच वेळ लागतो.

मनाचे काय? या बाबतीत एक अभ्यास लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुण्यात वैद्यकीय शिक्षण घेऊन अमेरिकेत गेलेले वार्धक्य-मनोविकारतज्ज्ञ डॉ. दिलीप जेस्ते (२०१२-१३ साली ते अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष होते) आणि त्यांचे सॅन दिएगो येथील सहकारी यांनी वयस्क एच.आय.व्ही.बाधित ८३ आणि बाधा नसलेले ८३ अशा दोन गटांची तुलना केली. २०१३ साली ती प्रसिद्ध झाली. अपेक्षेप्रमाणे बाधितांचे शारीरिक व मानसिक आरोग्य तुलनेने खालावलेले होते, ताणही अधिक होता. परंतु आशावाद, स्वतःच्या आयुष्यावर आपला ताबा आहे ही भावना, आणि माणसांचा आधार या तीन बाबतींत दोन्ही गट जवळपास सारखे भरले. 'आपले म्हातारपण कितपत यशस्वी?' या प्रश्नावर बाधितांपैकी दोनतृतीयांश लोकांनी स्वतःला वरच्या अर्ध्यात बसवले.

हा निष्कर्ष वाचून हुरळून जाण्याचे कारण नाही. सॅन दिएगोचा वृद्ध आणि चिकोडीचा वृद्ध यांच्यात समुद्राएवढे अंतर आहे. पण तीन गोष्टींकडे नीट पाहा. तिसरी, माणसांचा आधार, ही उघडच बाहेरून येते. आणि ज्याला पुढच्या महिन्याची गोळी मिळेल की नाही याची खात्री नाही, त्याला आयुष्यावर आपला ताबा आहे असे कसे वाटावे? आशेचेही तेच.

आपल्या जवळचे उदाहरण सांगलीचे आहे. नव्वदच्या दशकात बेळगाव, बागलकोट, विजापूर आणि इकडे सांगली, कोल्हापूर, सोलापूर या पट्ट्यात हा रोग जोरात पसरला. सांगलीच्या गोकुळनगरात कानडी आणि मराठी या दोन्ही भाषा एकाच दारात ऐकू येतात, कारण देवदासी प्रथेतून आलेल्या कित्येक स्त्रिया कर्नाटकातल्या. १९८२ साली कर्नाटकाने ही प्रथा कायद्याने बंद केली, पण आधी सोडलेल्या मुली तर त्याच आयुष्यात होत्या. १९९२ साली मीना सेषू यांनी स्थापन केलेल्या 'संग्राम' संस्थेने या वस्तीत निरोध वाटण्याचे काम सुरू केले आणि ते वस्तीतल्या स्त्रियांच्याच हाती दिले. त्यातून १९९६ साली 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली, ती या स्त्रियांची स्वतःची संघटना. त्यांनी केले ते दिसायला साधे होते. कोणी आजारी पडली की दोघी-तिघींनी तिच्याबरोबर सरकारी रुग्णालयात जायचे. खाटेवर घेत नसतील तर तेथून हलायचे नाही. पोलिसांनी त्रास दिला तर चौकीवर एकटीने जायचे नाही. पुढे मोफत औषधे आली तेव्हा रांगेत कसे उभे राहायचे, गोळी का चुकवायची नाही, हे सांगायला शेजारीणच होती.

समाजाने ज्यांना सर्वांत खालच्या पायरीवर बसवले त्यांच्यातील पुष्कळजणी म्हणूनच आज साठी ओलांडून गोळ्या नियमित घेत आहेत. त्यांचे रहस्य विचारणाऱ्यांना अध्यात्म अपेक्षित असते. रहस्य एवढेच की त्यांच्या वस्तीत हा रोग लपवावा लागत नव्हता. पांढरपेशा वाचकांना हे वाक्य बोचेल, बोचू द्यावे.

कारण याच्या नेमकी उलट स्थिती प्रतिष्ठित वस्तीत असते. वर ग्वाल्हेरच्या सराफा बाजाराचा उल्लेख आला, तोच पुन्हा घेऊ. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी पडली, तिचे 'लष्कर' नावाचे शहर झाले, आणि महाराज बाड्यापासून जवळच हा सोन्या-चांदीचा बाजार वसला. शिंद्यांबरोबर आलेली मराठी कुटुंबे याच लष्करात पिढ्यान् पिढ्या राहत आली. भिंतीला भिंत लागून असलेल्या अशा जुन्या बाजारात सर्व व्यवहार पतीवर चालतो, आणि पत ही घराण्याची असते. कोणाच्या घरी कोणते औषध येते ही वार्ता सोयरिकीपर्यंत जाऊन पोचते. अशा घरातील एखादी विधवा काकू, जिला नवऱ्याकडून लागण झाली, ती काय करील? गोळ्यांची बाटली फोडून त्या जीवनसत्त्वाच्या डबीत भरील. शहरातल्या केंद्राच्या रांगेत ओळखीचे कोणी दिसेल म्हणून दुसऱ्या गावच्या केंद्रात नाव घालील, आणि प्रत्येक खेपेला घरी देवदर्शनाचे निमित्त सांगेल. मध्य प्रदेशात या रोगाचे प्रमाण महाराष्ट्र-कर्नाटकापेक्षा कमी आहे. आकडेवारीच्या दृष्टीने ही चांगली गोष्ट. पण त्या काकूच्या दृष्टीने पाहा: ज्याच्याशी बोलावे असे समदुःखी माणूसच आसपास कमी. तिची तग गोकुळनगरातल्या बाईपेक्षा अधिक खडतर आहे असे मला वाटते, जरी तिच्या अंगावर पाटल्या असल्या तरी.

कायद्याने काही आधार दिला आहे. १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की माणूस काम करण्यास समर्थ असेल तर केवळ एच.आय.व्ही.च्या कारणाने त्याला कामावरून दूर ठेवता येणार नाही. त्या खटल्यात वादीला नाव गुप्त ठेवून लढण्याची मुभाही मिळाली. २०१७ साली संसदेने एच.आय.व्ही.विषयी स्वतंत्र कायदा केला, तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. संमतीवाचून तपासणी करणे, संमतीवाचून ती माहिती दुसऱ्याला सांगणे, नोकरी, उपचार वा भाड्याचे घर नाकारणे यांस त्याने मनाई केली. वृद्धांच्या दृष्टीने दोन कलमे महत्त्वाची आहेत. बाधित व्यक्तीला कुटुंबाच्या सामाईक घरात राहण्याचा हक्क आहे, तिला हुसकून लावता येत नाही. आणि ज्या सरकारी वा खाजगी संस्थेच्या देखभालीत माणूस राहतो, तेथून त्याला या कारणाने काढता येत नाही. वृद्धाश्रम त्यात आलेच. एक उणीव मात्र राहिली. औषध पुरवण्याच्या सरकारी जबाबदारीपुढे 'शक्य तितके' अशा अर्थाचे शब्द कायद्यात घातले आहेत, आणि बाधितांच्या संघटनांनी त्यांना हरकत घेतली होती. जन्मभराच्या गोळीला 'शक्य तितके' कसे पुरावे?

पैशाचे म्हणाल तर महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेत एड्सग्रस्तांचा समावेश आहे, आणि २०२३ साली तिची रक्कम दरमहा दीड हजार रुपये करण्यात आली. ही योजना पासष्ट वर्षांपर्यंत. त्यानंतर माणूस श्रावणबाळ योजनेत जातो. मधल्या काळात पुन्हा दाखले, पुन्हा तलाठी, पुन्हा तहसील कचेरी. आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांना श्रमदानासाठी रस्ते शोधत हिंडावे लागते. त्यांनी अशा दहा वृद्धांचे कागद जरी मार्गी लावले तरी काम थोडे होणार नाही, आणि ते करताना कोणालाही त्याचा आजार विचारण्याची गरज पडत नाही.

२०२० च्या टाळेबंदीत एक सोय झाली. केंद्रापर्यंत पोचणे अशक्य झाल्यामुळे प्रकृती स्थिर असलेल्यांना एकदम दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या देण्याचा प्रघात वाढला. ज्याला केंद्रासाठी दोन एस.ट्या बदलाव्या लागतात त्याच्या तीन फेऱ्यांची एक झाली. तरी ती एक फेरी राहतेच, आणि सत्तरीत गुडघे साथ देईनासे झाले की ती कोणी करायची, हा प्रश्न सांगलीच्या गल्लीत आणि लष्करच्या बाजारात सारखाच आहे. गल्लीत शेजारणीला चिठ्ठी देऊन पाठवता येते. बाजारात चिठ्ठी कोणाच्या हाती द्यायची, हे काकूला अजून ठरवायचे आहे.